रोबोटने ऑपरेशन: होकार देण्याआधी रुग्णाने आणि घरच्यांनी काय जाणून घ्यावं?

"ऑपरेशन करावं लागेल. रोबोटने केलं तर चांगलं, फक्त खर्च थोडा जास्त येईल." डॉक्टरांचं हे वाक्य आता मुंबई-पुण्यातच नाही, तर औरंगाबाद, नाशिक, कोल्हापूर, नागपूरकडच्या घरांतही ऐकू येतं. अब्बांचं प्रोस्टेट असो, अम्मीचे गुडघे असोत की एखाद्या बहिणीची गर्भपिशवी, रोबोटचा विषय निघतोच. मग घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, "मशीनच्या हातात माणूस कसा द्यायचा?" दुसरा म्हणतो, "नवीन आहे, महाग आहे, म्हणजे चांगलंच असणार." या गडबडीत दागिने गहाण पडतात, नातेवाइकांकडून उसने घेतले जातात, आणि खरे प्रश्न विचारायचे राहून जातात.

आमच्या मते दोन्ही तट अर्धवट माहितीवर उभे आहेत. म्हणून हा लेख. यात आम्ही कुठल्या रुग्णालयाची जाहिरात करत नाही आणि कुणाला घाबरवतही नाही. रोबोट म्हणजे नेमकं काय, कुठे त्याचा फायदा आहे, कुठे नाही, धोके कोणते, पैशाचं काय आणि डॉक्टरांना काय विचारायचं, एवढं सोप्या भाषेत मांडतो. हा लेख डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेणारा नाही. पण डॉक्टरांसमोर बसताना तो हाताशी असावा, असं आम्हाला वाटतं.

रोबोट स्वतः ऑपरेशन करतो का?

नाही. पोटाच्या ऑपरेशनमध्ये वापरला जाणारा रोबोट स्वतःच्या मनाने एक टाकाही घालत नाही. सर्जन त्याच खोलीत थोड्या अंतरावर एका मोठ्या यंत्रासमोर बसतो. त्याला कन्सोल म्हणतात. तिथे त्याला पोटाच्या आतलं दृश्य मोठं करून आणि खोलीसकट दिसतं. त्याची बोटं जशी हलतात तशी रुग्णाच्या पोटातली बारीक अवजारं हलतात. सर्जनने हात थांबवला की यंत्रही थांबतं.

रुग्णाजवळ यंत्राचे तीन-चार हात असतात. पोटावर साधारण एक सेंटिमीटरची काही छिद्रं पाडून त्यातून कॅमेरा आणि अवजारं आत जातात. म्हणजे हे मुळात दुर्बिणीच्या ऑपरेशनचंच पुढचं रूप आहे. फरक असा की साध्या दुर्बिणीची अवजारं सरळ काठीसारखी असतात, तर रोबोटची अवजारं टोकाला मनगटासारखी वळतात. सर्जनच्या हाताची बारीक थरथर यंत्र गाळून टाकतं. अरुंद जागेत टाके घालायला याची मोठी मदत होते.

एक उणीवही लक्षात ठेवा. हाताने ऑपरेशन करताना सर्जनला मऊ-कडक, ताण-ढील बोटांना कळते. बहुतेक रोबोटमध्ये हा स्पर्श पोचत नाही. सर्जन नजरेने अंदाज घेतो. अगदी नव्या यंत्रांत थोडी सोय आली आहे, पण सगळीकडे ती नाही. म्हणूनच अनुभव महत्त्वाचा.

गुडघ्याचा रोबोट हा वेगळा प्रकार आहे. तो हाड किती आणि कोणत्या कोनात कापायचं, हे मोजून सर्जनला मदत करतो. काही यंत्रं ठरलेल्या रेषेबाहेर करवत जाऊ देत नाहीत. काही यंत्रं सर्जनने आखलेल्या नकाशाप्रमाणे हाड स्वतः घासतात, पण तेव्हाही सर्जन शेजारी उभा असतो आणि ते थांबवू शकतो. त्यामुळे "रोबोट" एवढाच शब्द ऐकून थांबू नका. कोणतं यंत्र आणि ते नेमकं काय करणार, हे विचारा.

हे तंत्र आलं कुठून?

१९८५ साली अमेरिकेत मेंदूतल्या गाठीचा तुकडा तपासणीसाठी काढताना सुई अचूक जागी नेण्यासाठी कारखान्यात वापरायचा रोबोटिक हात वापरला गेला. २००० साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 'दा विंची' या यंत्राला पोटाच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी परवानगी दिली. पुढच्या वर्षी, सप्टेंबर २००१ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये बसलेल्या सर्जनांनी फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्ग इथल्या एका महिलेचं पित्ताशय रोबोटच्या मदतीने काढलं. तेव्हा जगभर त्याची चर्चा झाली.

भारतात दा विंचीच जास्त दिसतं, पण आता ते एकटं नाही. ब्रिटनमध्ये बनलेलं 'व्हर्सियस' हे यंत्र २०१९ साली पुण्याच्या गॅलेक्सी केअर रुग्णालयात आलं आणि रुग्णांवरच्या नेहमीच्या वापरातलं ते जगातलं सुरुवातीचं ठिकाण ठरलं. 'एसएसआय मंत्रा' हे यंत्र तर भारतातच, गुरुग्रामच्या कंपनीने तयार केलं आहे. स्पर्धा वाढली तसा पुढे खर्च खाली यायला वाव आहे. पण आज तरी बिलात रोबोटची रक्कम वेगळी दिसते.

सगळ्यात पहिला प्रश्न: ऑपरेशन लागणार आहे का?

रोबोट की साधं, हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न म्हणजे मुळात ऑपरेशनची गरज आहे का. हे आम्ही मुद्दाम सांगतोय. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचं प्रकरण राज्यभर गाजलं. सरकारला समिती नेमावी लागली. कितीतरी बायकांना औषधाने किंवा साध्या उपचाराने बरं वाटलं असतं. गरज नसलेलं ऑपरेशन भारी यंत्राने केलं म्हणून ते योग्य ठरत नाही.

प्रोस्टेटचं बघा. वाढत्या वयात प्रोस्टेट सुजणं आणि प्रोस्टेटचा कॅन्सर, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साध्या वाढीवर आधी गोळ्या असतात. ऑपरेशन लागलंच तर बहुतेक वेळा ते लघवीच्या मार्गातून, पोटावर काप न घेता होतं. तिथे रोबोट क्वचितच, फार मोठ्या गाठीसाठी लागतो.

कॅन्सर असला तरी प्रत्येक वेळी लगेच ऑपरेशन हाच एक मार्ग नसतो. ब्रिटनमध्ये १,६४३ पुरुषांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे १५ वर्षांचे निकाल २०२३ साली आले. या सगळ्यांचा कॅन्सर प्रोस्टेटपुरताच होता आणि रक्ततपासणीत लवकर सापडला होता. काहींना फक्त नियमित तपासणीखाली ठेवलं, काहींचं ऑपरेशन झालं, काहींना रेडिएशन दिलं. तिन्ही गटांत प्रोस्टेट कॅन्सरने मृत्यू होण्याचं प्रमाण सुमारे ३ टक्केच निघालं. याचा अर्थ उपचार नको असा नाही. आपल्याकडे आजार उशिरा सापडतो, तेव्हा गोष्ट वेगळी असते. पण "माझ्या अवस्थेत कोणकोणते पर्याय आहेत?" हा प्रश्न विचारायचा हक्क प्रत्येकाला आहे.

कुठे फायदा आहे, कुठे नाही?

"रोबोट म्हणजे उत्तम" किंवा "रोबोट म्हणजे नुसता दिखावा", ही दोन्ही उत्तरं चुकीची आहेत. ऑपरेशन कोणतं आहे, त्यावर सगळं अवलंबून आहे.

प्रोस्टेट कॅन्सर: ओटीपोटाच्या खोल, अरुंद जागेत रोबोटने काम सोपं होतं. रक्त कमी जातं, घरी लवकर जाता येतं. पण लघवीवरचं नियंत्रण आणि वैवाहिक क्षमता टिकण्यात मोठा फरक पडतो का? ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये ३२६ पुरुषांवर अभ्यास झाला. अर्ध्यांचं उघडं ऑपरेशन, अर्ध्यांचं रोबोटने. दोन वर्षांनंतर या दोन्ही बाबतींत दोन्ही गट जवळपास सारखेच होते. म्हणजे अनुभवी सर्जनने केलेलं उघडं ऑपरेशन हे काही हलक्या दर्जाचं नाही.

मूत्राशयाचा कॅन्सर: इथे आकडे रोबोटच्या बाजूने झुकतात. ब्रिटनमधल्या ३३८ रुग्णांच्या अभ्यासात, जो २०२२ साली प्रसिद्ध झाला, जखमेच्या तक्रारी रोबोट गटात ५.६ टक्के तर उघड्या ऑपरेशनच्या गटात १६ टक्के होत्या. रक्ताच्या गुठळ्या होण्याचं प्रमाण १.९ टक्के विरुद्ध ८.३ टक्के. मात्र पहिल्या ९० दिवसांत रुग्णालयाबाहेर काढलेल्या दिवसांत फरक फक्त दोन दिवसांचा होता.

किडनीतली गाठ: पूर्ण किडनी न काढता फक्त गाठ काढायची आणि उरलेली किडनी वाचवायची असेल, तर रोबोटचा उपयोग होतो. रक्तपुरवठा थोडाच वेळ थांबवून त्या वेळात टाके घालायचे असतात. गाठ कुठे आहे यावर निर्णय ठरतो.

गुदाशयाचा कॅन्सर: दहा देशांतल्या ४७१ रुग्णांच्या अभ्यासात दुर्बिणीतून सुरू केलेलं ऑपरेशन मध्येच पोट उघडून पूर्ण करावं लागण्याचं प्रमाण रोबोट गटात ८.१ टक्के आणि साध्या दुर्बिणीच्या गटात १२.२ टक्के होतं. फरक दिसतो, पण तो ठामपणे सिद्ध म्हणावा इतका नव्हता.

पित्ताशयाचे खडे: हे आपल्याकडे घरोघरी होणारं ऑपरेशन. साध्या दुर्बिणीने ते उत्तम होतं. अमेरिकेतल्या दहा लाखांहून अधिक ज्येष्ठ रुग्णांच्या नोंदी तपासल्यावर २०२३ साली असं दिसलं की दुरुस्ती करावी लागेल अशी पित्तनलिकेची इजा रोबोटने केलेल्या ऑपरेशनांत ०.७ टक्के आणि साध्या दुर्बिणीत ०.२ टक्के होती. अशा इजेनंतर रुग्णाला अनेक महिने त्रास होऊ शकतो. तेव्हा साध्या खड्यांसाठी कुणी रोबोटचा आग्रह धरला, तर "का?" हे नक्की विचारा. साध्या हर्नियाच्या बाबतीतही हाच प्रश्न लागू आहे.

गर्भपिशवी: कॅन्सर नसेल आणि पिशवी काढणं खरंच गरजेचं असेल, तर शक्य तिथे खालच्या मार्गाने, पोटावर एकही काप न घेता ऑपरेशन होतं. ते स्वस्तही पडतं. आधी त्याबद्दल विचारा.

गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर: इथे विशेष सावध राहा. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात, सुरुवातीच्या टप्प्यातल्या या कॅन्सरसाठी दुर्बिणीने किंवा रोबोटने गर्भाशय काढलेल्या स्त्रियांपैकी ८६ टक्के साडेचार वर्षांनंतर आजारमुक्त होत्या. पोट उघडून ऑपरेशन झालेल्यांमध्ये हेच प्रमाण ९६.५ टक्के होतं. म्हणजे छोटा काप, पण कॅन्सर परत येण्याचा धोका जास्त. त्यानंतर २०१९ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी रोबोट वापरण्याबद्दल जाहीर सावधगिरीचा इशारा दिला. आपल्या घरातल्या स्त्रीला हा आजार असेल, तर कॅन्सरच्या मोठ्या रुग्णालयात दुसरं मत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

गुडघा बदलणं: रोबोटने सांध्याचा कोन जास्त अचूक बसतो, यात शंका नाही. पण रुग्णाला त्याचा पुढे फायदा जाणवतो का? दक्षिण कोरियात हजारांहून अधिक रुग्णांना किमान १० वर्षं तपासलं. दुखणं, चालणं, सांधा टिकणं, यात रोबोट आणि नेहमीच्या पद्धतीत फरक सापडला नाही. त्या अभ्यासातलं यंत्र जुन्या पिढीतलं होतं, हेही खरं. पण "रोबोटने केलेला गुडघा जन्मभर टिकतो" असं कुणी सांगितलं, तर तो दावा पुराव्याच्या पुढचा आहे.

धोके कोणते?

छिद्रं लहान असली तरी ऑपरेशन मोठंच असतं. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, शेजारच्या अवयवाला इजा, भुलीचा त्रास, हे धोके इथेही असतात. त्याशिवाय काही गोष्टी खास आहेत.

प्रोस्टेट किंवा गर्भाशयाच्या ऑपरेशनमध्ये रुग्णाला डोकं खाली, पाय वर असं बराच वेळ तिरपं ठेवतात आणि पोटात गॅस भरतात. त्यामुळे डोळ्यांतला दाब वाढतो, फुप्फुसांवर आणि हृदयावर ताण येतो. काचबिंदू, दमा, हृदयविकार असेल तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगा. चष्म्याच्या दुकानात कुणी काचबिंदूची शंका बोलून दाखवली असेल, तर तेही सांगा. बराच वेळ एकाच स्थितीत राहिल्याने हाता-पायाच्या नसेवर दाब येऊन बधिरपणा येऊ शकतो. तो बहुतेक वेळा हळूहळू जातो.

यंत्र बिघडलं तर? अमेरिकेत २००० ते २०१३ या काळात रोबोटिक ऑपरेशनांबाबत १०,६२४ घटनांची नोंद झाली. त्यात ८,०६१ यंत्रबिघाड, १,३९१ रुग्णांना इजा आणि १४४ मृत्यू होते. प्रत्येक मृत्यूला यंत्रच जबाबदार होतं असं या नोंदींवरून म्हणता येत नाही, आणि त्या काळात लाखो ऑपरेशनं सुरळीत पार पडली. पण एवढं कळतं की सर्जनच्या टीमला यंत्र बाजूला करून हाताने किंवा साध्या दुर्बिणीने काम पूर्ण करता आलंच पाहिजे. ऑपरेशन मध्येच बदलून पोट उघडावं लागलं, तर ते अपयश समजू नका. अनेकदा तोच रुग्णाचा जीव वाचवणारा निर्णय असतो.

यंत्रापेक्षा माणूस महत्त्वाचा

आमच्या वाचकांनी एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ती ही: चांगल्या सर्जनच्या हातातलं साधं ऑपरेशन हे नवख्या सर्जनच्या रोबोटपेक्षा बरं. हे यंत्र शिकायला वेळ लागतो. उघड्या ऑपरेशनमध्ये नावाजलेला सर्जनही रोबोटवर नवीन असू शकतो. म्हणून संकोच न करता हे प्रश्न विचारा. कागदावर लिहून न्या.

१. हे ऑपरेशन केलं नाही तर काय होईल? दुसरे उपचार कोणते?
२. माझ्या आजारात रोबोटचा नेमका फायदा कोणता? साध्या दुर्बिणीने किंवा उघड्या पद्धतीने का नाही?
३. हेच ऑपरेशन तुम्ही रोबोटने आजवर किती केलीत? गेल्या वर्षी किती?
४. कन्सोलवर पूर्ण वेळ तुम्हीच बसणार की दुसरं कुणी? रुग्णाजवळ कोण उभं राहणार?
५. तुमच्या रुग्णांपैकी किती जणांचं पोट मध्येच उघडावं लागलं? किती जणांना पुन्हा दाखल करावं लागलं?
६. यंत्र बंद पडलं तर पुढची तयारी काय?
७. नळी किती दिवस राहील? कामावर कधी जाता येईल?
८. ऑपरेशनचं चित्रीकरण होणार का? ते कुठे वापरलं जाईल?
९. एकूण खर्च किती? रोबोटचा वेगळा आकार किती? पोट उघडावं लागलं तर बिल किती वाढेल?

चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. "एवढं विचारायचं असेल तर दुसरीकडे जा" असं उत्तर मिळालं, तर खरंच दुसरीकडे जाऊन एक मत घ्या. कॅन्सरसारख्या आजारातही बहुतेक वेळा दुसऱ्या मतासाठी चार-आठ दिवस मिळतात. तातडी किती आहे, हेही डॉक्टरांनाच विचारा.

सही करण्याआधी

संमतीपत्र म्हणजे नुसता कागद नाही. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका महत्त्वाच्या निकालात सांगितलं की एका तपासणीसाठी दिलेली संमती दुसऱ्या ऑपरेशनला लागू होत नाही. त्या प्रकरणात दुर्बिणीच्या तपासणीसाठी बेशुद्ध केलेल्या महिलेची गर्भपिशवी, बाहेर बसलेल्या आईची परवानगी घेऊन काढली होती. तातडीचं कारण नव्हतं. रुग्ण सज्ञान असताना तिच्याऐवजी आईची संमती चालत नाही, असं न्यायालयाने म्हटलं.

हे आपल्या घरांसाठी फार महत्त्वाचं आहे. आपल्याकडे बायकांच्या ऑपरेशनचा निर्णय बऱ्याचदा शोहर, सासरे किंवा मोठा भाऊ घेतो आणि ज्या बाईच्या शरीरावर सुरी चालणार तिलाच शेवटी कळतं. असं करू नका. डॉक्टरांशी बोलताना तिला समोर बसवा, तिला समजेल अशा भाषेत सांगायला लावा आणि सही तिचीच होऊ द्या. कागद इंग्रजीत असेल तर मराठी, हिंदी किंवा उर्दूत वाचून मागा. "गरज पडल्यास उघडं ऑपरेशन" हे वाक्य त्यात असतं. त्याचा अर्थ नीट समजून घ्या.

तपासणीचे सगळे कागद तुमचे आहेत. मागणी केल्यावर ७२ तासांच्या आत डॉक्टरांनी नोंदी द्याव्यात, असा वैद्यकीय परिषदेचा नियम आहे. रुग्णहक्कांची सनद रुग्णालयात दिसेल अशी लावणं महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनी बंधनकारक आहे.

पैशाचं गणित

रोबोट महाग का? यंत्राची किंमत कोट्यवधींत असते, देखभालीचा करार वेगळा असतो, आणि अवजारं ठरावीक वेळा वापरली की यंत्र ती पुन्हा स्वीकारत नाही. हा सगळा भार शेवटी रुग्णाच्या बिलात येतो. म्हणून आधी लेखी अंदाजपत्रक घ्या, एक रोबोटचं आणि एक साध्या पद्धतीचं.

खासगी विमा: विमा नियामकाच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२० पासून रोबोटिक सर्जरीसह १२ आधुनिक उपचार आरोग्य विम्यात धरावे लागतात. पण कंपनीला त्यावर वेगळी मर्यादा ठेवता येते. पाच लाखांच्या पॉलिसीत रोबोटसाठी मर्यादा खूप कमी असू शकते. पॉलिसीत 'आधुनिक उपचार' हा भाग शोधा आणि मर्यादा वाचा. २०२४ च्या नियमांप्रमाणे कॅशलेसच्या अर्जावर कंपनीने एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत निर्णय द्यायचा आहे. दावा चुकीचा नाकारला, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा आणि मग विमा लोकपालाकडे जा. त्यांची कार्यालयं मुंबई आणि पुण्यात आहेत.

सरकारी योजना: महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेत मूळ ऑपरेशनचा दर ठरलेला असतो. रोबोट त्यात बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी विचारा. मदतीसाठी १५५३८८ हा क्रमांक आहे. योजनेतून साधं ऑपरेशन मोफत होत असेल आणि डॉक्टर तेही चांगलंच म्हणत असतील, तर फक्त रोबोटसाठी कर्ज काढण्यात शहाणपणा नाही.

धर्मादाय रुग्णालयं: महाराष्ट्रात धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार रुपये आहे. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड घेऊन समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटा. मोठमोठी चकाचक रुग्णालयंही या यादीत असतात, हे अनेकांना ठाऊक नसतं.

गुडघ्याचा सांधा: केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये गुडघ्याच्या सांध्याच्या किमतीवर मर्यादा घातली. नेहमीच्या प्रकाराची कमाल किंमत तेव्हा करांशिवाय ५४,७२० रुपये ठरली. ही मर्यादा सांध्यावर आहे, रोबोटच्या आकारावर नाही. बिलात दोन्ही वेगळे दाखवायला सांगा.

दाखल होण्याआधी हे सांगा

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, शुगरच्या गोळ्या, इन्सुलिन, सगळ्यांची यादी द्या. कोणती कधी बंद करायची हे डॉक्टर ठरवतील, स्वतःहून बंद करू नका. युनानी किंवा आयुर्वेदिक औषधं, माजून, लसणाच्या गोळ्या, हेही लपवू नका. काहींनी रक्तस्राव वाढतो. नुकतंच हिजामा केलं असेल तर भूलतज्ज्ञांना सांगा.

रमजान जवळ असेल तर तारीख ठरवतानाच बोला. तातडी नसेल तर पुढे-मागे करता येते, तातडी असेल तर थांबू नका. ऑपरेशननंतर रोजे कधी धरता येतील, हे डॉक्टरांना आणि मसला आपल्या आलिमांना विचारा. हज किंवा उमऱ्याचा बेत असेल, तर तोही आधी कानावर घाला. लांबच्या विमानप्रवासात पायात गुठळी होण्याचा धोका वाढतो.

पडद्याची काळजी असेल, तर दाखल होतानाच सांगा. महिला नर्स, महिला मदतनीस, नीट झाकलेलं शरीर, ही मागणी रास्त आहे आणि बहुतेक ठिकाणी ती पाळली जाते. ऑपरेशनच्या खोलीत कधी यंत्राच्या कंपनीचा माणूसही हजर असतो. त्याबद्दलही विचारता येतं.

आणखी एक प्रश्न अनेकांच्या मनात असतो. गुठळ्या होऊ नयेत म्हणून दिली जाणारी हेपारिन आणि तिच्या प्रकारातली इंजेक्शनं बहुधा डुकराच्या आतड्यापासून बनतात. काही प्रकारच्या जाळ्याही प्राण्यांच्या ऊतींपासून असतात, जरी हर्नियात नेहमी वापरली जाणारी जाळी कृत्रिम धाग्याची असते. मनात खटका असेल तर आधी विचारा. फॉन्डापॅरिनक्ससारखं कृत्रिम औषध काही रुग्णांना चालतं, सगळ्यांना नाही. पर्याय नसेल तेव्हा काय करावं, हे जाणत्या आलिमांना विचारा. पण इंजेक्शन गुपचूप टाळू नका. फुप्फुसात गुठळी गेली तर जीव जातो.

घरी आल्यावर

पहिले दोन दिवस खांद्यात दुखू शकतं. ते पोटात भरलेल्या गॅसमुळे असतं आणि आपोआप जातं. डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे लवकर चालायला लागा. पडून राहिल्याने गुठळ्या होतात. पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर साधारण सहा आठवडे जड उचलू नका. पाण्याची भरलेली बादली आणि गॅसचा सिलेंडर हेही जडच. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर लघवीची नळी बहुधा आठवडा-दहा दिवस राहते. ती काढल्यावर काही काळ लघवी गळू शकते. त्यात शरम मानून घरात कोंडून घेऊ नका. ओटीपोटाचे व्यायाम डॉक्टर शिकवतात, ते रोज करा.

नमाज खुर्चीवर बसून, इशाऱ्याने अदा करता येते. वाकण्याची, सजद्याची घाई करू नका, गुडघ्याच्या रुग्णांनी तर अजिबात नाही. नळी असताना वुजू कसा, पट्टीवर मसह कसा, हे आलिमांना विचारा. पट्टी कोरडी ठेवायची की नाही, हे डॉक्टरांना विचारा.

पुढचं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठा: ताप किंवा थंडी वाजणं, पोट फुगणं आणि वाढत जाणारं दुखणं, सतत उलट्या, डोळे पिवळे होणं, जखमेतून पू किंवा रक्त, लघवी अडकणं, एका पायाच्या पोटरीला सूज, छातीत दुखणं किंवा दम लागणं. "छोटंच तर ऑपरेशन होतं" म्हणून घरी थांबणं इथे महागात पडतं.

शेवटी एवढंच. रोबोट हे एक अवजार आहे. काही ऑपरेशनांत ते खरंच उपयोगी आहे, काहींत साध्या पद्धतीइतकंच आहे, आणि एखाद-दोन ठिकाणी नुकसानही करू शकतं. नकार देणारा मागासलेला नसतो आणि होकार देणारा मूर्ख नसतो. आजार कोणता, सर्जन किती अनुभवी आणि खिशाला किती झेपतं, या तीन गोष्टी समोर ठेवा, रुग्णाला विचारा आणि मग ठरवा. हा लेख आपल्या घरच्या, मोहल्ल्यातल्या गरजवंतांपर्यंत पोचवा. अल्लाह सगळ्या आजारी लोकांना शिफा देवो.